होम्सच्या कबरीवरचा मजकूर

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी सीरियाच्या प्रवासाविषयी लिहिले होते. त्या लेखासोबत होम्स शहरातल्या खालिद इब्न अल्-वलीद मशिदीचे मी काढलेले छायाचित्र छापले होते आणि त्याखाली माझीच ओळ होती : 'सुलतान बैबर्सने बांधलेली तेराव्या शतकातली मशीद'. अंक निघाल्यावर महिन्याभराने सोलापूरहून एका निवृत्त ड्राफ्ट्समन गृहस्थांचे पत्र आले. सीरियाला जाण्याचा योग आपल्याला आलेला नाही, अरबी येत नाही, असे आधी नम्रपणे सांगून त्यांनी विचारले होते की, छायाचित्रातले मिनार तासलेल्या पेन्सिलीसारखे सडपातळ आणि टोकदार आहेत. असे मिनार इस्तंबूलच्या मशिदींना असतात. बैबर्सच्या काळातले कैरोचे मिनार मी चित्रांतून पाहिले आहेत, ते अंगाने भरलेले आणि टप्प्याटप्प्यांनी चढणारे. मग ही मशीद त्याची कशी?

ते बरोबर होते आणि मी साफ चुकलो होतो. आज होम्समध्ये उभी असलेली मशीद बैबर्सची नाही. ती उस्मानी तुर्कांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतली गेली आणि १९१२ साली पुरी झाली. म्हणजे मी तिचे वय जवळजवळ साडेसहाशे वर्षांनी वाढवले होते. दुरुस्ती चार ओळींत संपली असती. पण चूक कशी झाली याचा विचार करताना लक्षात आले की, ही चूक करावी अशीच एका माणसाची इच्छा होती आणि सात शतकांनंतर मी ती इमानाने पुरी केली. हा लेख त्यासाठी.

मशीद आणि शेजारी कबर म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दर्गा येतो. उरूस, गलेफ, कव्वाली, नवस. होम्सची कबर त्या जातीची नाही. खालिद सूफी नव्हते, पीर नव्हते. ते सेनापती होते. मक्केच्या कुरैश टोळीतल्या मखझूम घराण्यात जन्मलेले खालिद आधी पैगंबरांच्या विरुद्ध बाजूने लढले. ६२५ च्या उहुदच्या लढाईत मुसलमानांची फळी फुटली ती त्यांच्या घोडदळामुळे. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला, ६२९ मध्ये मूता येथे कोंडीत सापडलेली फौज बाहेर काढली आणि 'सैफुल्ला', म्हणजे ईश्वराची तलवार, ही पदवी मिळवली. ६३६ च्या यर्मूकच्या लढाईने बायझंटाइन साम्राज्याच्या हातून सीरिया गेला, त्या विजयात त्यांचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. बाजू काळीही आहे. मालिक इब्न नुवैरा या टोळीप्रमुखाला मारून त्याच्या विधवेशी त्यांनी लग्न केले, हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला आणि शिया परंपरेने तो कधीच माफ केला नाही.

खालिद यांच्या चरित्रातला जो भाग या कबरीच्या संदर्भात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो मात्र लढाईचा नाही. तो बडतर्फीचा आहे. खलिफा उमर यांनी त्यांना दोनदा खाली उतरवले. ६३४ मध्ये सर्वोच्च सेनापतिपद काढले आणि ६३८ च्या सुमारास उरलेसुरले अधिकारही. दुसऱ्या वेळचे निमित्त किरकोळ. अल्-अशअस नावाच्या सरदाराने त्यांची स्तुती केली आणि खालिद यांनी त्याला दहा हजार दिरहम दिले. उमर यांनी विचारले, हे पैसे कुठले? सरकारी खजिन्यातले असतील तर अफरातफर, पदरचे असतील तर उधळपट्टी. दोन्हींकडून दोषच. तबरीने नोंदवलेल्या हकिकतीप्रमाणे अबू उबैदा मिंबरावर बसलेले, खाली लोक जमलेले आणि बिलाल यांनी खालिद यांचेच पागोटे काढून त्याने त्यांचे हात बांधले. उत्तर मिळाल्यावर त्यांनीच ते सोडले आणि पागोटे पुन्हा डोक्यावर बांधून दिले. ज्याने सीरिया जिंकला त्याची सीरियातच भर सभेत अशी झडती झाली आणि त्याने ती सोसली.

यानंतर उमर यांनी प्रांतोप्रांती कळवले, असे तबरी सांगतो, की रागापोटी किंवा लबाडीच्या संशयावरून मी खालिद यांना काढलेले नाही. लोक त्यांच्यामागे वेडे झाले होते. विजय खालिद देतात असे त्यांना वाटू लागले होते; तो देणारा ईश्वर आहे हे त्यांना कळावे म्हणून मी हे केले. राजकारणात अशा निवेदनांमागे दुसरेही हेतू असतात, हे मान्य. पण हेतू काहीही असो, या भूमिकेचा अर्थ स्पष्ट आहे. या माणसाचे स्तोम माजता कामा नये. आणि त्याच माणसाच्या नावाने नऊ घुमटांची मशीद उभी आहे. मला रस आहे तो या दोन टोकांमधल्या वाटचालीत.

खालिद ६४२ मध्ये वारले. रणांगणाऐवजी अंथरुणावर मरण येते याची त्यांना खंत होती असे सांगतात. मागे उरले ते एक घोडा, हत्यारे आणि एक गुलाम. बहुतेक इतिहासकार मृत्यूचे ठिकाण होम्स देतात, काही मदीना देतात. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा भूगोलकार याकूत आपल्या ग्रंथात आणखी एक मत नोंदवून ठेवतो : होम्समध्ये लोक ज्या कबरीचे दर्शन घेतात ती सेनापती खालिद यांची नसून उमय्या घराण्यातल्या खालिद इब्न यझीद याची आहे, ज्याने होम्समध्ये वाडा बांधला होता. म्हणजे कबरीतला खालिद नक्की कोणता, हा प्रश्न बैबर्स येण्याच्या आधीच विचारला गेलेला होता. लोकांना त्याने फरक पडत नव्हता. ११८४ मध्ये अंदलुसियाचा प्रवासी इब्न जुबैर होम्सवरून गेला, तेव्हा शहराबाहेर ही कबर होती आणि लोक तिथे जात होते.

इब्न जुबैर तिथे तीन कबरींची नोंद करतो. एक खालिद यांची. दुसरी त्यांचा मुलगा अब्दुर्रहमान याची. हा मुआवियाच्या बाजूने लढला, होम्सचा सुभेदार झाला, इतका लोकप्रिय झाला की मुआवियाला त्याची धास्ती वाटली आणि ६६६ मध्ये विषाने मेला. विष मुआवियाच्या सांगण्यावरून दिले गेले अशी त्या काळापासूनची वदंता आहे. बापाची लोकप्रियता त्याच्या हुद्द्यावर बेतली, मुलाची जिवावर. तिसरी कबर उबैदुल्ला इब्न उमर याची. खालिद यांना बडतर्फ करणाऱ्या खलिफा उमर यांचा हा मुलगा. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत तो पडला. या तिन्ही कबरी खऱ्या असोत वा मानलेल्या, ज्या परंपरेने त्या एका छपराखाली आणल्या तिच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

आता बैबर्स. २००९ मध्ये दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी कोरीव लाकडाची ती पेटी पाहिली. कबरीवर ठेवण्यासाठी केलेली पेटी. तिच्यात देह नसतो, देह खाली जमिनीत. होम्सहून आणलेली, तेराव्या शतकातली, अंगभर अक्षरे कोरलेली. लेखात बैबर्सचे नाव, पदव्यांची माळ आणि सीस प्रांतावरच्या स्वारीच्या वेळी होम्सवरून जाताना आपण हे काम करवले अशी नोंद आहे. साल हिजरी ६६४, म्हणजे १२६६. सीस ही किलिकियातल्या आर्मेनियन राज्याची राजधानी. त्याच वर्षी बैबर्सने धर्मयुद्धवाल्या फ्रँकांकडून सफदचा किल्ला घेतला होता. दुसऱ्याच दिवशी बसने मी होम्सला गेलो, डोक्यात हा मजकूर घोळत असताना मशीद पाहिली आणि लाकडावरची तारीख दगडाला चिकटवून मोकळा झालो.

त्या लेखाकडे नंतर मी पुन्हा पुन्हा परतलो. स्मारकलेख म्हणून तो वाचायला गेलो तर निराशा होते. ज्याची कबर आहे त्याच्याविषयी सांगण्यापेक्षा ज्याने पेटी करवली त्याच्याविषयी सांगण्याची हौस जास्त. बैबर्सच्या लेखांची ही तऱ्हाच आहे; सीरियाभर त्याने असे लेख कोरवले, कुठे तो स्वतःला या युगाचा सिकंदर म्हणवतो, कुठे आणखी काही. पण होम्समध्ये या हौसेला एक खास निकड होती, असे माझे मत आहे.

ती समजून घ्यायला सहा वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूतला मामलुकांनी मंगोलांचा पराभव केला. परतीच्या वाटेवर सुलतान कुतुझचा खून झाला, त्या कटात बैबर्स होता, आणि तोच सुलतान झाला. काळ्या समुद्रापलीकडून आणून बाजारात विकला गेलेला हा किपचाक गुलाम. वंश नाही, वारसा नाही, हाताला धन्याचे रक्त. त्याच डिसेंबरात मंगोल पुन्हा सीरियात उतरले आणि या वेळी त्यांना होम्सपाशी, खालिद यांच्या कबरीच्या परिसरातच, अडवले गेले. अडवणारा बैबर्स नव्हता. होम्स, हमा आणि अलेप्पो इथल्या फौजा होत्या आणि त्यांच्यात पुढे होता होम्सचा अय्यूबी राजा अल्-अश्रफ मूसा. फौज लहान, शत्रू मोठा. अशा विजयाच्या कथा लगेच होतात, आणि तो कबरीच्या सावलीत मिळाला की त्याचे श्रेय कबरीलाही जाते. अल्-अश्रफ मूसा थोड्याच वर्षांत वारला, गादीला वारस नव्हता, होम्स बैबर्सच्या राज्यात सामील झाले.

म्हणजे १२६६ मध्ये बैबर्स ज्या जागी थांबला, ती त्याच्या काळातल्या एका मोठ्या विजयाची जागा होती आणि तो विजय दुसऱ्याचा होता. कबरीवर त्याने स्वतःचे नाव, स्वतःच्या पदव्या आणि स्वतःची चालू स्वारी कोरवली. तर्क माझा आहे, पण क्रम पाहता मला तो सुटत नाही : पेटी खालिद यांच्यासाठी असेल, मजकूर अल्-अश्रफ मूसाला पुसण्यासाठी होता. खालिद यांच्यामागे लोक जातात याची उमर यांना भीती वाटली, बैबर्सला त्यात सोय दिसली. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सेनापतीच्या मागे उभे राहता येते. तो उलटून काही विचारत नाही.

हा धडा पुढच्यांनी घेतला. १२८१ मध्ये होम्सपाशी मंगोलांशी दुसरी लढाई झाली, ती सुलतान कलावूनने जिंकली. त्याचा मुलगा अल्-अश्रफ खलील याने १२९१ मध्ये कबरीचे बांधकाम दुरुस्त करवले. १२९१ हे अक्का पडल्याचे साल, सीरियाच्या किनाऱ्यावरची फ्रँकांची सत्ता त्याच वर्षी संपली. तारखाच इतक्या बोलक्या आहेत की आणखी भाष्य नको.

इथवर मी राजांचे वाचत आलो. होम्सच्या लोकांचे काय? तैमूरलंगाने १४०० मध्ये अलेप्पो लुटले, पुढल्या वर्षी दमास्कस जाळले, मधले होम्स मात्र वाचले. का वाचले? होम्समध्ये याच्या दोन कथा आहेत. एक भारदस्त : खालिद यांची कबर इथे आहे हे कळल्यावर तैमूरने शहराला हात लावला नाही. दुसरी कथा अशी की, तैमूर येणार हे कळताच होम्सच्या लोकांनी वेड पांघरले. विचित्र कपडे घालून, भांडी वाजवत ते त्याला सामोरे गेले आणि हे वेड्यांचे गाव दिसते म्हणून तो पुढे निघून गेला. तो दिवस बुधवार होता. आजही सीरियात बुधवार हा होम्सकरांच्या वेडाचा दिवस मानतात आणि होम्सकरांवरचे विनोद देशभर सांगतात, स्वतः होम्सकर सगळ्यांत जास्त. एकाच घटनेची दोन कारणे, एक तलवारीचे आणि एक विदूषकाचे, आणि दोन्ही कथा गावाने टाकल्या नाहीत. पेटीवरच्या सबंध मजकुरापेक्षा हे मला मोठे वाङ्मय वाटते.

जुनी इमारत काढून नवी बांधण्याचा निर्णय सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या कारकिर्दीत झाला. सीरियाचा वाली नाझिम हुसेन पाशा याने काम सुरू करवले. हाच काळ हिजाझ रेल्वेचा. दमास्कसहून मदीनेपर्यंत ती १९०८ मध्ये पोचली. साम्राज्याचे तुकडे पडत असताना जगभरच्या मुसलमानांचा खलिफा म्हणून स्वतःला पुढे करण्याच्या अब्दुल हमीदच्या धोरणात रेल्वेला जे स्थान होते, तेच पैगंबरांच्या सेनापतीच्या मशिदीला. मशीद पुरी होईपर्यंत तो पदावर राहिला नाही. १९०९ मध्ये त्याला पदच्युत केले गेले.

वास्तू म्हणून ती चांगली आहे, हेही सांगितले पाहिजे. हेतूंचा हिशेब मांडताना डोळे मिटून चालत नाही. आराखडा इस्तंबूलचा आहे, पण अंगावरचा पोशाख सीरियाचा. काळ्या आणि पांढऱ्या दगडांचे एकाआड एक पट्टे, ज्याला अरबीत 'अब्लक' म्हणतात. काळा दगड तिथलाच बेसाल्ट. जुने होम्स या काळ्या दगडाचे शहर आहे आणि आपण दख्खनच्या लोकांनी वाडे, देवळे, किल्ले सगळे याच जातीच्या दगडात पाहिलेले असल्याने तो दिसताच ओळखीचे वाटते. आत शिरल्यावर चार जाडजूड पट्टेदार खांब मधला घुमट पेलताना दिसतात. कोपऱ्यातल्या दालनात कबर. मी गेलो तेव्हा दुपार होती, गालिच्यावर दोघे विद्यार्थी पुस्तक उघडे ठेवून झोपले होते, एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून माळ ओढत होते. बाहेरच्या चौकात मुले चेंडू खेळत होती. मी कबरीच्या जाळीपाशी लेख शोधत राहिलो. मुलांचे छायाचित्र काढले नाही.

एवढे सगळे लिहिल्यावर स्वतःच्या मांडणीविषयी मला शंका येते. 'प्रत्येक सत्ताधीशाने कबरीचा वापर करून घेतला' हे विधान खरे आहे, पण स्वस्त आहे. कोणत्याही जुन्या स्मारकाविषयी ते करता येते आणि ते केल्यावर संशोधकाला शहाणे झाल्यासारखे वाटते. ते विधान फक्त कोरलेल्या अक्षरांवर उभे आहे, आणि अक्षरे कोरायला पैसा लागतो. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी वेगळ्या रीतीने हक्क सांगितला. कबर शहराबाहेर होती, शहर वाढत तिच्यापर्यंत गेले आणि तिथल्या वस्तीचे नाव अल्-खालिदिया पडले. होम्सला 'इब्न अल्-वलीदचे शहर' म्हणतात. गावातल्या फुटबॉलच्या मैदानालाही खालिद यांचेच नाव आहे, आणि तिथे खेळणारा अल्-करामा क्लब २००६ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता.

त्याच क्लबचा तरुण गोलरक्षक अब्दुल बासित अल्-सारूत २०११ मध्ये खालिदियातल्या निदर्शनांत गाणी म्हणू लागला. 'रिटर्न टू होम्स' या माहितीपटात तो दिसतो : आधी खांद्यावर बसून गाणारा, मग बंदूक घेतलेला. २०१९ मध्ये तो मारला गेला. होम्समधल्या बंडखोरांच्या एका तुकडीने खालिद इब्न अल्-वलीद यांचे नाव घेतले. पुढे यर्मूकच्या खोऱ्यात इस्लामिक स्टेटशी निष्ठा सांगणाऱ्या एका टोळीनेही तेच घेतले. पाकिस्तानी लष्कराच्या रणगाड्याचे नाव 'अल्-खालिद' आहे. उमर यांना ज्या गोष्टीची चिंता होती ती इतक्या तऱ्हांनी खरी होईल असे त्यांनाही वाटले नसेल.

जुलै २०१३ मध्ये तोफमाऱ्यात कबरीच्या दालनाची पडझड झाली. २७ जुलैला सरकारी सैन्याने मशीद ताब्यात घेतली, तेव्हाच्या चित्रफितीत थडगे राडारोड्याखाली दिसते, घुमटातून उजेड खाली आलेला. सगळी वस्तीच तेव्हा रिकामी झाली होती. मी २००९ मध्ये पाहिलेल्या चौकातली मुले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असणार.

पुढे डागडुजीचा खर्च चेचन्याच्या कादिरोव्ह प्रतिष्ठानाने उचलला आणि २०१९ च्या सुमारास मशीद नमाजासाठी पुन्हा उघडली. बैबर्स, खलील, अब्दुल हमीद, त्यांच्या पंगतीत ग्रोझ्नीचे राज्यकर्ते. घुमट आधी उभे राहिले, आजूबाजूची घरे तशीच पडून होती. ज्या सत्तेच्या काळात हे झाले, तीही डिसेंबर २०२४ मध्ये गेली.

या सगळ्यात लाकडी पेटीला काही झाले नाही. ती दमास्कसला होती. संग्रहालय २०१२ मध्ये बंद केले, वस्तू सुरक्षित ठिकाणी हलवल्या, २०१८ मध्ये पुन्हा उघडले. कबरीपासून तोडून नेल्यामुळे बैबर्सचा मजकूर वाचला. संग्रहालयात तिच्या नावाच्या पाटीवर खालिद यांचेच नाव असते, हाही त्याचा विजयच.

सोलापूरच्या गृहस्थांना मी तेव्हा उत्तर पाठवले, चूक कबूल केली. त्यांचे दुसरे पत्र आले. त्यात त्यांनी विचारले होते की, छायाचित्रात उजवीकडे कोपऱ्यात, मिनाराच्या पायथ्याशी, अर्धा कापला गेलेला एक चेंडू दिसतो, तो कुणाचा? मी मूळ छायाचित्र काढून भिंगाखाली धरले. चेंडू होता. पंधरा वर्षे घरात असलेल्या छायाचित्रात तो मला दिसला नव्हता. छायाचित्राखालच्या ओळीत आता साल बदलून १९१२ केले आहे आणि बैबर्सचे नाव काढले आहे. चौकट थोडी उजवीकडे सरकवता आली असती तर बरे झाले असते.